सोनशिंग्याचा शाप

एका राज्यात शिंगांना मान होता आणि खुरांना कोणी विचारीत नव्हते. राज्य सुपीक, नद्या बारमाही, माती काळीभोर, आणि प्रजेचा सारा भरवसा गाईबैलांवर. नांगर त्यांचा, मोट त्यांची, दूधदुभते त्यांचे. म्हणून राजाच्या खालोखाल मान असे तो राजवळूचा. राजवळू म्हणजे राजकळपाचा धनी. त्याच्यापासून झालेली वासरे गावोगाव जात आणि सारे राज्य त्यांच्या खांद्यावर चाले.

आता हा राजवळू निवडीत कसा, ते आधी ऐका, म्हणजे पुढचे सारे आपोआप कळेल. नगराच्या मधोमध दगडी चौथरा होता. उत्सवाच्या दिवशी गावोगावचे वळू त्यावर आणून उभे करीत. प्रत्येकाच्या पाठीवर जरीची झूल, ती इतकी लांब की खालचे खूर दिसू नयेत. शिंगांना सोन्याचा वर्ख, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगुरमाळा. मग समोर ढोल बडवायचे, भाले नाचवायचे, आणि जो वळू सर्वांत जास्त खवळेल, माणसे उधळून लावील, तो पराक्रमी ठरायचा. राजकन्येने उठून त्याच्या गळ्यात माळ टाकायची, की झाली निवड. झूल उतरवून पाहणे हा अपमान समजत. चालवून पाहणे तर दूरच राहिले. नवरी पाहायला गेलेला मनुष्यसुद्धा 'जरा चालून दाखव' म्हणतो. पण या शहाण्यांनी राज्याच्या जावयाला कधी एक पाऊल टाकायला लावले नाही.

राजाचे नाव धुरंधर. त्याची कन्या हेमाक्षी, आणि तिच्या पाठचा राजपुत्र जयकेतू. हेमाक्षीला पहिल्यांदाच माळ टाकायचा मान मिळाला तेव्हा ती ऐन उमेदीत होती. त्या उत्सवात एक पांढराशुभ्र वळू आला होता. त्याची शिंगे सोन्याने अशी मढवली होती की डोळे दिपावेत. ढोल वाजताच त्याने डुरकी फोडली, तीन भालदार लोळवले, आणि लोक ओरडले, "सोनशिंग्या! सोनशिंग्या!" हेमाक्षीचे काळीज आनंदाने उडू लागले. ती माळ घेऊन धावली.

तोच गर्दीतून एक जटाधारी पुढे आला. तो होता कांतारनाथ, रानाचा मांत्रिक. वारा त्याचे ऐकत असे आणि झाडे त्याला वाट देत. त्याच्या हातात एका वळूचे दावे होते. वळू मातकट रंगाचा, एक शिंग टोकाला मोडलेले, अंगावर झूल नाही की फूल नाही. तो रस्त्यावरून आपल्या पायांनी चालत आला होता आणि आता उभ्या उभ्या रवंथ करीत होता.

"राजकन्ये," कांतारनाथ म्हणाला, "हा माझा नजराणा. माळ टाकण्याआधी दोघांना चालवून बघ. त्याची झूल उतरव."

हेमाक्षी हसली. तिच्यामागे सारा दरबार हसला. "नाथमहाराज, झूल उतरवून बैल बघतात तो बाजारात. आणि हा चिखलाचा गोळा तर इथे झोपायला आलेला दिसतो." असे म्हणून तिने सोनशिंग्याच्या गळ्यात माळ टाकली.

कांतारनाथ रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हांला शिंगे आवडतात, घ्या शिंगे. आजपासून तुमच्या राज्यात जे वासरू जन्मेल त्याला खऱ्या सोन्याची शिंगे येतील. बाकीचे अंग याच्या झुलीखाली दडले आहे तसेच येईल. या घराण्यातले कोणी माझ्या कुरणात येऊन, झाकलेल्यांतून खरा वळू ओळखून त्याला माळ घालील, त्या दिवशी शाप उतरेल. तीन वेशी आहेत. प्रत्येक वेशीवर एकच गोष्ट मागता येईल. जो चुकेल तो माझ्या दावणीचा खुंटा होईल." आणि तो मातकट वळूला घेऊन आला तसा निघून गेला.

पहिली वासरे जन्मली आणि राज्यात दिवाळी झाली. खरोखरच सोन्याची शिंगे! कापली की पुन्हा उगवत. धुरंधर राजाचा खजिना भरला, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असे प्रधान म्हणू लागले. पण वासरे उठेनात. कोणाचे गुडघे आत वळलेले, कोणाचे मागचे पाय खांबासारखे ताठ, कोणाच्या खुराच्या दोन फाका दोन दिशांना. जी उठली ती दुखऱ्या पायांनी उठली, आणि ज्याचे पाय दुखतात त्याचा स्वभाव कुठून गोड राहणार? ती धन्याला शिंगे मारू लागली, आयांना लाथा मारू लागली. गाई पान्हा चोरू लागल्या. जुने बैल म्हातारे होऊन गेले आणि नव्यांच्या मानेवर जू ठेवता येईना. दारोदार सोने होते आणि शेते पडीक होती. सोन्याचा नांगर केला तरी तो ओढायला बैलच लागतो, हे तेव्हा लोकांना कळले.

हेमाक्षीला ते सर्वांआधी कळले होते. तिने राजवाडा सोडला आणि ती गोठ्यात जाऊन राहिली. एक तप तिने लुळी वासरे मांडीवर घेऊन पाजली, त्यांचे पाय शेकले, खूर कातरले, लाथा खाल्ल्या. कोणता पाय कुठे वाकला की पाठ कशी झुकते, पाठ झुकली की डोळा कसा बदलतो, हे तिने एकेका वासरापाशी बसून पाहिले. चांगला बैल कसा असतो ते ती विसरत चालली होती. पण वाईटाचा एकही प्रकार तिला अनोळखी राहिला नव्हता. रोज सकाळी कुठले तरी वासरू उठायची धडपड करी आणि पडे, तेव्हा तिच्या मनात एकच येई, 'ही माझी माळ.'

जयकेतू वयात आला आणि कोणालाही न विचारता कांतारनाथाच्या कुरणाकडे गेला. काही दिवसांनी त्याचा घोडा रिकामा परत आला.

राजा धुरंधर त्या दिवशी एकदम म्हातारा झाला. हेमाक्षी त्याच्यापुढे उभी राहिली. "आबासाहेब, मला निरोप द्या."

"तू एकच उरलीस, लेकी. तुला कसा निरोप देऊ?"

"माळ मी टाकली होती," हेमाक्षी म्हणाली. "ती काढायलाही मीच गेले पाहिजे. आणि जयकेतूला मी तिथे ठेवणार नाही."

राजाने तिच्या मस्तकावर हात ठेवला. 

वाटेत एक दलदल लागली. तिच्या काठाला एका पायावर एक बगळा उभा होता. गाईम्हशींच्या पाठीवर बसून हिंडतात ना, त्या जातीचा. अंगाने अगदी हाडांचा सापळा. हेमाक्षी जवळून जाऊ लागताच तो बोलला.

"माळवाली ती तूच ना?"

"मीच," ती म्हणाली. बगळा बोलतो याचे तिला नवल वाटले नाही. त्या मुलखात बगळे बोलत, फक्त त्यांना विचारण्यासारखे काही कोणाला सुचत नसे.

"तुझ्या त्या माळेपायी माझे एक तपाचे जेवण गेले," बगळा कडाडला. "गुरे चालली की गवतातून टोळ उडतात. टोळ उडाले की आम्ही जेवतो. तुमची गुरे जागची हलत नाहीत, आता मी काय सोन्याची शिंगे खाऊ?"

हेमाक्षीने हात जोडले. "बगळेबुवा, अपराध कबूल आहे. तो निस्तरायलाच निघाले आहे. काही सांगता आले तर सांगा."

बगळ्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले. तिच्या हातांवर लाथांचे व्रण होते, ते त्याने पाहिले. मग त्याचा सूर थोडा उतरला. "कुरणात मला बोलायची मनाई आहे. बोललो तर दगड होईन. म्हणून इथेच सांगतो. तुम्ही माणसे गुरांकडे वरून बघता, मी खालून बघतो. जन्मभर त्यांच्या पायांतून फिरलो, पण अजून कोणी मला तुडवले नाही. कारण आमच्या कुळाची विद्या एकच आहे. पाहावे. पाहून झाले की आणखी पाहावे. घाईने चोच मारणारा बगळा उपाशी मरतो."

"एवढेच?"

"एवढेच तर तुला जमले नव्हते," बगळा म्हणाला आणि तिच्या खांद्यावर येऊन बसला.

रानाने त्यांना वाट दिली. पहिल्या वेशीवर कांतारनाथ बसला होता. वेशीच्या आत लाकडी खुंट्यांची लांबच लांब रांग होती. घराण्यातले किती पराक्रमी काके, मामे, चुलतभाऊ शाप उतरवायला इथवर आले होते कोण जाणे. शेवटच्या खुंट्यावर जयकेतूची पाचूची अंगठी घट्ट बसली होती. हेमाक्षीने त्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होते.

"तुझ्या भावाने इथे झुली उतरवायला सांगितल्या," कांतारनाथ म्हणाला. "मी उतरवल्या. त्याने रुंद पाठी पाहिल्या, भरलेली वशिंडे पाहिली, आणि बरोबर आणलेली माळ लगेच टाकली. तू काय मागतेस?"

समोर कुरणात असंख्य वळू उभे होते. सगळे झुलींनी झाकलेले, सगळ्यांची शिंगे सोनेरी, आणि गुडघ्यापर्यंत धुके. हेमाक्षीला वाटले, झूल उतरवावी. एक तप हीच गोष्ट तिच्या मनाला टोचत होती. पण तेच मागून भाऊ खुंटा झाला होता. तिला गोठ्यातली ती वासरे आठवली, जी बसलेली असताना राजबिंडी दिसत आणि उठली की काळजाचे पाणी करीत. ती म्हणाली, "झुली राहू द्या. यांना त्या ओढ्याच्या चिखलातून चालवा. एकेकटे, आपल्या चालीने."

कांतारनाथाची भुवई वर गेली. त्याने टाळी वाजवली.

वळू चालू लागले. हेमाक्षीने एकाचेही तोंड पाहिले नाही. ती चिखलात बसून उमटलेली पावले पाहू लागली. हा पुढचा खूर खोल रुतवतो, म्हणजे भार पुढे ढकलतो, मागे दुखते आहे. याचे पाऊल आखूड, खांदा उभा आहे. याने खुराचे टोक घासले. याच्या एका फाकेचा ठसा लांब, दुसरीचा तोकडा. आज ठीक, पण म्हातारपणी बसेल. आणि काही थोड्यांचे मागचे पाऊल नेमके पुढच्या पावलाच्या ठशात पडत होते, जणू दोन पायांचाच प्राणी गेला असावा. झूल पाठ झाकते, बाशिंग कपाळ झाकते, चिखल मात्र कोणाचे काही झाकत नाही.

"ज्यांची मागची पावले पुढच्यात पडली तेवढे ठेवा," ती म्हणाली. "बाकीच्यांना सोडा."

ज्यांना सोडले ते वळू धुक्यासारखे विरून गेले, कारण ते धुक्याचेच होते. बगळा खांद्यावर आनंदाने डोलला, पण चोच त्याने मिटूनच ठेवली.

दुसऱ्या वेशीवर बोटांवर मोजण्याइतकेच वळू उरले. आता त्यांच्या झुली आपोआप गळून पडल्या, आणि काय सांगावे! सगळेच देखणे. सरळ पाठी, रुंद छात्या, सडसडीत पाय, भरदार मांड्या. डावे उजवे करावे तरी कसे?

"माग," कांतारनाथ म्हणाला. "आणि आता चूक होणे फार सोपे आहे."

हेमाक्षीला आपला गोठा आठवला. राजगोठ्यात एक म्हातारी काळी गाय होती. तिचीही वासरे शापाची होती, पण ती घटकाभर का होईना उभी राहत. का, हे हेमाक्षीला कधी कळले नव्हते. आता कळले. तिच्या राज्यात वळूच्या बापाची सात पिढ्यांची बिरुदे गात, आणि आई कोण हे आजवर कोणी विचारले नव्हते. खाण तशी माती असे सगळेच म्हणत, पण खाण पाहायला जाई कोण?

"नाथमहाराज, यांच्या आयांना बोलवा."

कांतारनाथ ताडकन उठून उभा राहिला. "हे आजवर कोणी मागितले नव्हते," तो हळूच म्हणाला.

गाई आल्या. एक दिसायला लक्ष्मी, पण तिने पाजायला आलेल्या वासराला लाथ मारली. तिच्या लेकाला हेमाक्षीने बाजूला काढले. एकीची कास इतकी लोंबती की वासराला आचळ सापडेना. एकीचे खूर वाढून होडीसारखे वर वळलेले. ते लेकही गेले. तीन गाई मात्र कसोटीला उतरल्या. त्यांतली एक तर केवढी म्हातारी! पापण्या पांढऱ्या झालेल्या, दात झिजलेले, तरी चारी पायांवर सारखी उभी, आणि पायाशी नुकतेच झालेले वासरू. हेमाक्षी जवळ गेली तर तिने वासराला आड घेतले नाही की शिंग उगारले नाही. फक्त हुंगले आणि हेमाक्षीचा व्रणांचा हात चाटला. एक तप त्या हाताला लाथांचीच सवय होती. हेमाक्षीचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"या तिघींचे तीन लेक ठेवा."

तिसऱ्या वेशीवर कुरण उघडे होते, ऊन लख्ख होते आणि तीन वळू तीन बाजूंना उभे होते. एक पांढरा, एक तांबडा, आणि तिसरा मातकट, त्या म्हाताऱ्या गाईचा. मध्ये गाई नि वासरे चरत होती. कांतारनाथाने हेमाक्षीच्या हातात निखाऱ्याच्या रंगाच्या फुलांची माळ दिली. "या वेशीवर मागायचे ते तूच माग."

"यांचा स्वभाव पाहायचा आहे."

"पाहा," तो म्हणाला. "पण ध्यानात ठेव. माळ हातात आली आहे. आता जितका वेळ लावशील तितकी तू लाकूड होत जाशील."

आणि त्याने वाघ सोडला.

वाघ झाडीतून बाहेर आला आणि वासरांवर चाल करून गेला. पांढरा वळू हलला नाही. जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राहिला. तांबडा मात्र विजेसारखा धावला! त्याने खूर झाडले, माती उडवली, वाघाला शिंगावर घेऊन दूर भिरकावले. वाघ उठला नि दुसऱ्या बाजूने वळला, तर तिथे मातकट वळू आडवा उभा होता. मान खाली, शिंगे समोर, गाई नि वासरे पाठीशी. त्याने एकदाच जमीन उकरली. वाघाने त्याच्याकडे पाहिले, क्षणभर विचार केला, आणि तो झाडीत परतला.

हेमाक्षीच्या हातातली माळ तांबड्याकडे झेपावू लागली. खरोखर झेपावू लागली. मंतरलेलीच होती ती. काय तो आवेश, काय ती झेप! तिच्या कानांत एक तपापूर्वीचे ढोल वाजले आणि काळीज तसेच उडू लागले. हीच ती उडी, हे तिने ओळखले. तिने माळ दोन्ही हातांनी छातीशी धरली. फुलांनी तळवे पोळले, पण तिने सोडली नाही.

"दे निकाल!" कांतारनाथ गर्जला. "तांबड्याने वाघ उचलून फेकला. तुझी प्रजा इथे असती तर तिने त्याला खांद्यावर घेतले असते."

"थोडे थांबा, महाराज."

"कशासाठी?"

"वाघ गेला आहे. यांच्या मनातून तो केव्हा जातो, ते मला पाहायचे आहे."

तिच्या तळपायांखाली काही चरचरले. पाहते तो पावलांचे लाकूड झाले होते. ती पाहत राहिली. तांबडा अजून धावत होता. वाघ दिसेना म्हणून त्याने झुडूप उखडले, मग वारूळ उधळले, मग एका गाईवर चालून गेला. ती ओरडली. मातकट वळू मध्ये आला, त्याने कपाळाने तांबड्याला मागे रेटले, आणि पुन्हा बाजूला झाला. लाकूड हेमाक्षीच्या गुडघ्यांवर आले.

तिने पांढऱ्याकडे पाहिले. किती शांत! दुरून पाहणारा म्हणाला असता, हाच तो ऋषी. पण हेमाक्षीने त्याचा डोळा पाहिला. डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता, तोंडाला फेस होता, कातडी थरथरत होती. तो शांत नव्हता, भ्यालेला होता. एक वासरू त्याच्या अंगाला लागताच त्याने दचकून त्याला उडवून दिले. लाकूड तिच्या कमरेपर्यंत चढले.

"निकाल दे, राजकन्ये! आणखी थोड्या वेळात तुझे हात जातील."

खरे सांगायचे तर तिला भीती वाटली. मातकटच खरा, असे तिचे मन केव्हाच सांगत होते. पण मनाने तिला एकदा फसवले होते, आणि त्याची किंमत सगळ्या राज्याने भोगली होती. बगळा खांद्यावरून उडाला आणि मागे दूर दिसणाऱ्या जयकेतूच्या खुंट्यावर जाऊन एका पायावर उभा राहिला. हेमाक्षी त्याच्याकडे पाहून हसली. पाहून झाले की आणखी पाहावे.

लाकूड छातीशी आले. मातकट वळूने एकदा सगळ्या गाईंवरून नजर फिरवली. उडून पडलेले वासरू उठले होते, ते लडखडत त्याच्यापाशी आले. वळूने त्याला हुंगले. मग पुढचे गुडघे मोडून तो खाली बसला, एक लांब सुस्कारा सोडला, आणि त्याच्या गळ्याशी एक गोळा वर सरकताना दिसला. जबडा डावीकडून उजवीकडे फिरला.

रवंथ सुरू झाला.

"हा!" हेमाक्षी ओरडली. "राग येणे हा दोष नाही, महाराज! आलेला राग उतरत नाही, हा दोष. भीती पोटात साठून राहते, हा दोष. ज्याला वेळ येताच उभे राहता येते आणि वेळ जाताच रवंथ करता येतो, तो माझ्या राज्याचा वळू!" आणि उरलेल्या बळाने तिने माळ फेकली. ती मातकट वळूच्या गळ्यात पडली आणि निखाऱ्याची फुले साधी झेंडूची झाली.

काडकन आवाज झाला. हेमाक्षीच्या अंगावरचे लाकूड सालीसारखे फुटून पडले. खुंट्यांची ती रांग हलली, वाकली, जांभया देऊ लागली, आणि काके, मामे, चुलतभाऊ एकमेकांना विचारू लागले, "जेवायची वेळ झाली का?" शेवटचा खुंटा डोळे चोळीत म्हणाला, "ताईसाहेब, माझ्या डोक्यावर बगळा का बसला आहे?"

हेमाक्षीने धावत जाऊन जयकेतूला मिठी मारली. हसावे की रडावे ते तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केले.

कांतारनाथाने मातकट वळूचे दावे तिच्या हाती दिले आणि पहिल्यांदाच तो वाकून बोलला. "याच्या बापाला तू हसली होतीस, राजकन्ये."

"हसले होते," ती म्हणाली. "आता त्याच्या लेकाचा मान राखीन."

"मग माझे काम झाले." असे म्हणून तो रानात शिरला, आणि रान त्याच्यामागे मिटले.

परतीची वाट कशी सरली ते कोणाला कळले नाही. वळू पुढे चाले, त्याच्या पायांतून टोळ उडत, आणि बगळेबुवा इतके जेवले की शेवटी त्यांना उडवेना. ते वळूच्या पाठीवरच बसून राहिले. राज्याच्या सीमेवर मातकट वळूने पहिले पाऊल ठेवले आणि गोठ्यागोठ्यात खणखणाट झाला. सोन्याची शिंगे गळून पडत होती. वाकलेले गुडघे सरळ झाले, फाकलेले खूर जुळले, आणि सारे राज्य दारात येऊन पाहू लागले. वासरे उठत होती! कोणी पडले नाही. ती उठली आणि शेपट्या उंच करून गावभर उधळली, आणि त्या दिवशी तुडवलेल्या भाजीच्या वाफ्यांबद्दल कोणीही तक्रार केली नाही. गाईंना पान्हा फुटला. धनी बैलांच्या गळ्यात पडून रडले.

नगरात हेमाक्षीने वळूला झूल घालू दिली नाही. तिने राजरस्त्यावर पाणी शिंपडायला लावले, आणि त्या ओल्या मातीवरून मातकट वळू उघड्या अंगाने, साध्या शिंगांनी, आपल्या पायांनी चालत आला. दोन्हीकडे लोक वाकून पावले पाहत होते. मागचे पाऊल पुढच्यात, मागचे पाऊल पुढच्यात. "अहाहा!" म्हातारे म्हणू लागले. "शिंगे ती काय पाहायची!" जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. राजा धुरंधर चौथऱ्यावर उभा होता. तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला, अनवाणी, आणि त्याने आधी लेकाला, मग लेकीला पोटाशी धरले. "आबासाहेब, माळ काढून आणली," हेमाक्षी म्हणाली.

खजिन्याचे काय झाले म्हणाल, तर प्रधानांनी दार उघडले तेव्हा आत सोने नव्हते, नुसती शिंगे होती, छतापर्यंत. प्रधानांना घेरी आली. राजा मात्र पोट धरून हसला. त्या शिंगांच्या फण्या केल्या आणि घरोघर वाटल्या. त्या राज्यातल्या बायकांचे केस अजून फार सुरेख विंचरलेले असतात, असे म्हणतात.

चौथरा फोडला आणि त्याच्या दगडांचा गुरांना पाणी प्यायला हौद बांधला. निवडीचा उत्सव मात्र आजही होतो. वळू ओल्या मातीवरून चालतात, मागून त्यांच्या आया येतात, आणि ढोल एकदाच वाजतो. मग ढोल थांबतो. राजा, प्रधान, प्रजा, पोरेबाळे, सारे नगर श्वास रोखून गप्प बसते. मधोमध हातात माळ घेऊन हेमाक्षी उभी असते. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, पण तिला मुळीच घाई नसते. ती वाट पाहते. सारे वाट पाहतात. आणि त्या शांततेत कुठला तरी एक वळू सुस्कारा सोडून रवंथ करू लागतो, तेव्हा असा जयजयकार उठतो की रानात बसलेल्या कांतारनाथालाही तो ऐकू जावा.

त्यांच्या गोठ्यात जसे स्वास्थ्य आले, तसे ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्या दारी येवो.